पिकअपमध्ये दुसरी डिझेल टाकी कशी बसवतात? वायरिंगमध्ये काय चुकतं आणि काय जपायचं?

अमेरिकेतल्या टेक्सास, मोंटाना, वायोमिंग अशा राज्यांत पिकअप ही अनेकांची रोजच्या कामाची गाडी असते. गुरांचा ट्रेलर ओढणं, शेतात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपर्यंत डिझेल नेणं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यंत्रं पोहोचवणं, ही सगळी कामं मोठ्या डिझेल पिकअप करतात. पण मागे जड ट्रेलर लागला की गाडीचं अ‍ॅव्हरेज एकदम खाली येतं.

समजा, गाडीची मूळ टाकी १३० लिटरची आहे आणि ट्रेलर ओढताना गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. म्हणजे एका टाकीत साधारण ५२० किलोमीटर. लांबलचक ट्रेलर घेऊन दर काही तासांनी पंपावर वळणं सोपं नसतं, शिवाय वाटेत प्रत्येक ठिकाणी पंप असेलच असंही नाही. म्हणून तिथले अनेक चालक पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या मागच्या भिंतीला लागून, दुसरी टाकी बसवतात. तिला ऑक्झिलरी टँक म्हणतात.

पाहायला हे काम सोपं वाटतं. टाकी ठेवा, पाइप जोडा, पंप लावा. पण यात डिझेल पाठवणं हा अवघड भाग नाहीच. अवघड आहे ते वेळेवर थांबवणं. ते थांबलं नाही तर मूळ टाकी भरून डिझेल रस्त्यावर सांडतं, कधी तापलेल्या सायलेन्सरवरही. म्हणून ही सगळी रचना समजून घेताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो: इथे काही बिघडलं, तर डिझेल कशाने थांबेल?

दोन प्रकारच्या टाक्या

हौद्यातल्या टाक्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कामं दोन वेगळी आहेत.

पहिली ट्रान्सफर टाकी. तिच्यावर पंप, लांब पाइप आणि पेट्रोल पंपावर असतं तसं नोझल असतं. तिच्यातलं डिझेल ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर अशा यंत्रांत भरायचं असतं. ती गाडीच्या इंधन यंत्रणेला जोडलेली नसते.

दुसरी ऑक्झिलरी टाकी. ती गाडीच्या मूळ टाकीला जोडलेली असते आणि तिच्यातलं डिझेल गाडी स्वतः वापरते. वायरिंगचा खरा प्रश्न इथेच येतो.

अमेरिकेत या दोन टाक्यांची सरमिसळ आणखी एका कारणाने महागात पडते. शेतीच्या यंत्रांसाठीचं करमुक्त डिझेल तिथे लाल रंगाचं असतं. ते रस्त्यावरच्या गाडीत वापरताना सापडलं, तर किमान १,००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका दंड होतो. त्यामुळे शेतीचं डिझेल नेणारी टाकी गाडीच्या टाकीला जोडता येत नाही.

टाकी किती मोठी घ्यावी?

डिझेलचं वजन लिटरमागे साधारण ८३० ते ८५० ग्रॅम असतं. २०० लिटर डिझेल म्हणजे जवळपास १७० किलो. धातूच्या टाकीचं वजन आणि पंप धरला तर हा आकडा २०० किलोच्या पुढे जातो. हे वजन गाडीच्या भार वाहण्याच्या क्षमतेतूनच वजा होतं. अमेरिकी गाड्यांत ही क्षमता चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली असते. आपल्याकडे ज्याला गाडीचं ‘पासिंग’ म्हणतात, तसाच हा हिशेब आहे.

टाकी काठोकाठ भरायची नसते, हेही लक्षात ठेवावं लागतं. डिझेल तापलं की फुगतं. २०० लिटर डिझेल १५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं तर त्याचं आकारमान सुमारे ४ लिटरने वाढतं. त्याला जागा मिळाली नाही तर ते हवेच्या नळीतून बाहेर येतं. म्हणूनच तिथल्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांनुसार टाकीची रचनाच अशी लागते, की नेहमीच्या पद्धतीने भरताना ती ९५ टक्क्यांहून जास्त भरताच येऊ नये.

टाकी कशाची असावी?

अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील किंवा डिझेलसाठी बनवलेलं स्टील चालतं. आतून जस्ताचा मुलामा असलेली, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड टाकी चालत नाही. जस्ताची डिझेलशी हळूहळू प्रक्रिया होते, साबणासारखे कण तयार होतात आणि ते फिल्टर व इंजेक्टरमध्ये अडकतात. तांब्याच्या नळ्याही याच कारणासाठी टाळतात, कारण तांब्याच्या संपर्कात डिझेल लवकर खराब होतं.

मोठ्या टाकीत आतून आडवे पडदे असावेत. ते नसतील तर अर्धी भरलेली टाकी वळणावर आणि ब्रेक लावताना आतल्या आत हिंदकळते आणि गाडीला ओढते.

नवी टाकीसुद्धा बसवण्याआधी आतून स्वच्छ करावी लागते. कटिंग आणि वेल्डिंगचा बारीक चुरा आत राहिलेला असू शकतो. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब २,००० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरची छिद्रं अतिशय बारीक असतात. थोडासा चुरा किंवा पाणीही तिथे पुरतं. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप बदलण्याचा खर्च अनेकदा दुसऱ्या टाकीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. त्यामुळे दोन टाक्यांच्या मधल्या पाइपवर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावतात.

बसवताना काय पाहायचं?

टाकी हौद्याच्या पत्र्यावर नुसती स्क्रूने बसवून भागत नाही. जोरात ब्रेक लावला की २०० किलोची टाकी पुढे सरकायला पाहते. अपघातात तर क्षणभर गाडीतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या २० पट जोर येऊ शकतो. म्हणजे तीच टाकी ४ टनांसारखी केबिनवर आदळेल. म्हणून बोल्ट पत्र्यातून आरपार जाऊन चासीला किंवा पत्र्याखालच्या आडव्या दांड्यांना धरले पाहिजेत. मध्ये जाड पोलादी पट्टी हवी, नुसते वायसर पुरत नाहीत.

भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पाहणं आवश्यक आहे. हौद्याच्या खालीच मूळ टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग असतं. वरून मारलेलं ड्रिल थेट मूळ टाकीत गेलं, तर काम तिथेच संपतं.

टाकीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी नळी लागते. ती नसेल तर पंप डिझेल ओढेल तशी टाकी आत दबते आणि प्रवाह बंद पडतो. या नळीवर गाडी उलटल्यास बंद होणारा व्हॉल्व असावा. इंधनाचे पाइप डिझेलसाठीच बनवलेले हवेत. रेडिएटरचा रबरी पाइप डिझेलने फुगतो आणि काही महिन्यांत क्लॅम्पमधून निसटतो.

डिझेल खालच्या टाकीत कसं जातं?

हौद्यातली टाकी वर असते आणि मूळ टाकी खाली, चासीला लागून. त्यामुळे दोन मार्ग आहेत.

पहिला गुरुत्वाकर्षणाचा. वरच्या टाकीतून पाइप काढून मूळ टाकीच्या भरण्याच्या पाइपला टी-जोडाने जोडतात. खालची टाकी भरली की हवेला जायला जागा उरत नाही आणि प्रवाह थांबतो. गाडी डिझेल वापरेल तसं वरून खाली येत राहतं. यात वायर नाही, पंप नाही. पण या पद्धतीत सगळी भिस्त खालच्या टाकीच्या झाकणावर आणि जोडांवर असते. एखादा जोड सुटला तर वरची पूर्ण टाकी त्यातून रिकामी होऊ शकते. म्हणून टाकीजवळ हाताने बंद करता येणारा कॉक हवाच.

दुसरा मार्ग पंपाचा. चालक बटण दाबतो किंवा कंट्रोलर आपोआप पंप सुरू करतो आणि ठरावीक डिझेल खाली जातं. हा मार्ग जास्त हातात राहणारा वाटतो. मात्र त्यात एक फसवी गोष्ट आहे.

पिंपातून नळीने पाणी काढताना एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते. इथेही तसंच होतं. पंपाने पाइप भरला आणि मग पंप बंद केला, तरी अनेक पंपांमधून डिझेल वाहत राहतं, कारण वरची टाकी उंचावर आहे. चालकाला वाटतं पंप बंद आहे, आणि इकडे मूळ टाकी भरतच असते.

यावर काही जण एकेरी व्हॉल्व लावतात. पण साधा एकेरी व्हॉल्व फक्त उलट दिशेचा प्रवाह अडवतो. इथे डिझेल सरळ दिशेनेच वाहतंय. म्हणून वीज मिळाली तरच उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व पंपासोबत लावतात. वीज गेली की तो स्प्रिंगने बंद होतो. वायर तुटली, फ्यूज उडाला, चावी बंद झाली, तरी परिणाम एकच: डिझेल थांबतं.

आणखी एक काळजी. २०१० नंतरच्या बहुतेक अमेरिकी डिझेल पिकअपमध्ये धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, म्हणजे डीईएफची, वेगळी टाकी असते आणि तिचं निळं झाकण अनेकदा डिझेलच्या झाकणाशेजारीच असतं. टी-जोड चुकून त्या पाइपला लागला, तर ती पूर्ण यंत्रणा बदलावी लागू शकते.

वायरिंग कसं असतं?

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतात. त्यानंतरचा क्रम साधारण असा असतो.

फ्यूज: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. फ्यूज मुख्यतः वायर वाचवण्यासाठी असतो. तो मागे पंपाजवळ लावला आणि मध्येच कुठे वायर घासून चासीला टेकली, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या वायरमधून जाईल आणि ती पेटेल. पंप ५ अँपिअर आणि सोलेनॉइड १ अँपिअर घेत असेल, तर १० अँपिअरचा फ्यूज पुरतो.

वायरची जाडी: बॅटरी पुढे आणि टाकी मागे, त्यामुळे जाऊन-येऊन सहज १२ मीटर वायर होते. ६ अँपिअरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली तर वाटेतच सुमारे १.६ व्होल्ट कमी होतात. पंप मंद चालतो आणि तापतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ही घट अर्ध्या व्होल्टवर येते. ट्रान्सफर टाकीचे मोठे पंप २० अँपिअर किंवा त्याहून जास्त घेतात. त्यांना याच अंतरासाठी १० चौरस मिलिमीटरच्या आसपासची वायर आणि वेगळा मोठा फ्यूज लागतो.

रिले: पंपाचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेत नाहीत. मध्ये रिले असतो. त्याच्या ३० क्रमांकाच्या पिनला फ्यूजमधून आलेली वायर आणि ८७ क्रमांकाला पंप व सोलेनॉइड जोडतात. ८५ आणि ८६ या पिना आतल्या कॉइलच्या. स्विच फक्त या कॉइलला वीज देतो आणि तिला अगदी थोडा प्रवाह पुरतो.

कॉइलची वीज: ही बॅटरीवरून थेट घेऊ नये. चावी बंद केली की बंद होणाऱ्या सर्किटमधून घ्यावी. फोर्ड सुपर ड्यूटीसारख्या गाड्यांत अशा जोडण्यांसाठी कंपनीकडूनच अपफिटर स्विच मिळू शकतात. पण अपघातानंतर चावी चालूच राहते, हेही ध्यानात घ्यावं लागतं. गाडीचा स्वतःचा इंधन पंप अशा वेळी बंद होण्याची सोय असते. नंतर जोडलेल्या पंपाला मात्र ती आपोआप मिळत नाही. म्हणून इंजिन चालू असतानाच वीज देणारं सर्किट जास्त सुरक्षित.

अर्थिंग: पंपाची निगेटिव्ह वायर वेगळी काढून, रंग खरवडलेल्या स्वच्छ जागी चासीला जोडतात. टाकीच्या पत्र्यातून परतीचा प्रवाह नेत नाहीत. टाकीपासून चासीपर्यंत आणखी एक स्वतंत्र वायर असते. वाहत्या डिझेलमुळे टाकीवर साठणारी स्थिर वीज ती चासीत उतरवते. हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर टाकी चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेली असते, तेव्हा ही वायर विसरून चालत नाही.

वायर नेहमी नळीत घालून, धारदार कडांपासून आणि सायलेन्सरपासून लांब नेतात. इंधनाच्या पाइपला बांधून नेत नाहीत.

टायमर कशासाठी?

पंप कधी थांबवायचा, हे अनेक चालक इंधनाच्या काट्यावरून ठरवतात. इथे दुसरी फसगत होते. टाकीतलं डिझेल हिंदकळल्याने काटा सतत नाचू नये, म्हणून गाडीचा संगणक तो मुद्दाम हळू हलवतो. गाडी चालू असताना पातळी वाढेल, हे त्याला अपेक्षितच नसतं. त्यामुळे काही गाड्यांत मूळ टाकी भरत आली तरी काटा खालीच दिसतो.

आपोआप चालणाऱ्या कंट्रोलरचंही तसंच. त्याची सेन्सरची वायर तुटली आणि त्याने त्याचा अर्थ ‘टाकी रिकामी’ असा घेतला, तर पंप चालूच राहील.

यावर सोपा उपाय म्हणजे टायमर. समजा मूळ टाकी १०० लिटरची आहे आणि पंप मिनिटाला ४ लिटर देतो. काटा पाववर आला की पंप सुरू करायचा असं ठरवलं आणि टायमर १५ मिनिटांचा ठेवला, तर जास्तीत जास्त ६० लिटर जाईल. टाकीत ८५ लिटर होतील. काटा चुकला, सेन्सर बिघडला, चालक फोनवर बोलत राहिला, तरी टाकी भरून वाहणार नाही.

काम झाल्यावर तपासणी

टाकी पूर्ण भरण्याआधी २०-२५ लिटरवर चाचणी करतात. मूळ टाकीकडचा पाइप सोडवून मोकळ्या कॅनमध्ये धरतात, कॅन जमिनीवर ठेवतात, पंप चालू करतात आणि मग बंद करतात. बंद केल्यावर थेंबही यायला नको. मग पंप चालू असताना चावी बंद करून, एकदा फ्यूज काढून आणि एकदा सेन्सरची वायर काढून तेच पाहतात. पाइप परत जोडल्यावर प्रत्येक जोडाखाली रात्रभर कागद ठेवला, तर बारीक गळतीही सकाळी डागावरून कळते.

जुन्या टाकीला गळती असेल तर ती ‘रिकामी आहे’ म्हणून वेल्डिंगला नेणं सर्वांत धोकादायक. रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ असते आणि ती ठिणगीने फुटू शकते. तसंच, डिझेलसाठीचा पंप आणि टाकी पेट्रोलसाठी कधीच वापरत नाहीत. पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत व्यावसायिक वाहनांच्या इंधन यंत्रणेसाठी केंद्रीय नियम आहेत. टाकीतलं इंधन गुरुत्वाकर्षणाने थेट इंजेक्टरला देणं त्यांत निषिद्ध आहे. दोन टाक्यांमधली गुरुत्वाकर्षणाची जोडणी ही त्याहून वेगळी गोष्ट. भरताना सांडलेलं इंधन सायलेन्सरवर किंवा वायरिंगवर पडणार नाही अशी जागा निवडणंही बंधनकारक आहे. हौद्यात मिळणाऱ्या बहुतेक टाक्या ११९ गॅलनच्या आत असतात, म्हणजे सुमारे ४५० लिटर. त्यापुढे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे कडक नियम लागू होतात.

महाराष्ट्रात पिकअपला अशी टाकी लावता येईल का?

स्वतःच्या मनाने नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे आधी आरटीओ, गाडीची कंपनी आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर घेणं हाच रस्ता आहे.

आपल्याकडे एक फरक तापमानाचाही आहे. ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, ते अमेरिकेतल्या नेहमीच्या डिझेलसाठी किमान ५२ अंश असावं लागतं. भारतीय मानकात ही किमान मर्यादा ३५ अंश आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा हौदा त्याहून तापतो. ‘डिझेल काय पेटतंय’ हा समज तिथे महाग पडू शकतो. हौद्यात प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये डिझेल भरून, त्याला मोकळ्या वायरींचा पंप जोडून शेतावर नेणाऱ्यांनी तर फ्यूज आणि अर्थिंग या दोन गोष्टी आजच तपासाव्यात.